टकटक्या डबा आणि तिसरी हाक

टक्.

दचकलात? माफ करा. बोलायला लागलो की आधी माझ्या पोटातून हा आवाज येतो, मग बाकीचं. मी व्होल्टेज स्टॅबिलायझर बोलतोय. कंपनीचा नाही, हातानं बनवलेला. करड्या पत्र्याचा, पुढे एक काटा, एक लाल दिवा, एक हिरवा दिवा. पोलादपूरच्या एका घरात टीव्हीखालच्या फळीवर मी बारा वर्षं काढली. घरातले मला नुसतं ‘डबा’ म्हणायचे. शेजारची पूनम ‘टकटक्या’ म्हणायची.

माझं काम सांगायला सोपं आहे. वीज कमी आली तर वाढवून पुढे द्यायची, जास्त आली तर दाबून द्यायची. बाहेरून काहीही येवो, टीव्हीला कळू द्यायचं नाही. घरोघरच्या आया करतात तेच.

फक्त आयांना जमतं तितकं शांतपणे ते मला कधी जमलं नाही. त्याला कारण आहे माझा जन्म.

महाडला विनोद नावाच्या मिस्त्रीचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. तो तांब्याच्या तारेचे वेढे हातानं मोजत, मोठ्यानं आकडे म्हणत गुंडाळायचा. माझे चालले होते, एकशे सत्याऐंशी, एकशे अठ्ठ्याऐंशी, आणि मागच्या खोलीतून त्याची बायको म्हणाली, “अहो, येताय ना? भात निवला!” विनोद उठला, जेवला, पान खाल्लं, परत आला आणि दोनशेपासून पुढे मोजायला लागला. मधले अकरा-बारा वेढे भातात गेले.

त्या राहिलेल्या वेढ्यांमुळे मी इतरांपेक्षा जरा लवकर घाबरतो. दुसरे स्टॅबिलायझर व्होल्टेज एकशेऐंशीवर आलं की टक् करतात. मी एकशे पंच्याण्णवलाच करून मोकळा होतो. शिवाय विनोदनं आतला खटका एका जुन्या डब्यातून काढून मला बसवला होता. त्यामुळे आवाज दणदणीत. दाराची कडी कोणी बोटानं वाजवावी तसा.

आधी मी बाजारातल्या एका कोल्ड्रिंकच्या दुकानात गेलो. तिथल्या फ्रिजची आणि माझी पत्रिका जुळली नाही. त्यानं घुर्र केलं की मी टक्, तो पुन्हा घुर्र, मी पुन्हा टक्. आठव्या दिवशी मालकानं मला परत आणून आदळलं. “तुझा डबा गिऱ्हाइकाला दचकवतो रे विनोद!” मी दुकानाच्या कोपऱ्यात तोंड खाली घालून बसलो.

मग श्रीधरराव आले. पोलादपूरच्या एका कचेरीत ते कारकून. त्यांनी मला घेतलं आणि एस.टी.त मांडीवर ठेवून निघाले. शेजारच्या बाईनं विचारलं, “लेकीकडे चाललात का डबा घेऊन? चिवडा आहे का?” श्रीधरराव म्हणाले, “नाही हो, वीज आहे.” ती बाई पुढच्या थांब्याला जागा बदलून बसली.

त्यांच्या घरी टीव्ही भिंतीतल्या फळीवर होता. त्याच्या खालच्या फळीवर मला बसवलं. माझ्या डोक्यावर त्यांच्या पत्नीनं क्रोशाचा रुमाल घातला. टीव्हीलाही एक होता, रेडिओलाही होता. त्या घरात उघड्या डोक्याचं कोणी नव्हतं. उकाड्यानं माझा जीव जायचा, पण रुमाल शोभायचा म्हणे.

आता लक्षात घ्या, टीव्ही माझ्या डोक्यावर आणि माझं तोंड खोलीकडे. बारा वर्षांत मी टीव्ही एक क्षणही पाहिला नाही. मी टीव्ही पाहणारी माणसं पाहिली. त्यांच्या पलीकडे समोर दार आणि खिडकी होती. खिडकीतून फाटक दिसे आणि फाटकापासून खाली बाजाराकडे जाणारा उताराचा रस्ता.

माणसं तशी थोडीच. श्रीधरराव, ‘आई’ म्हणजे त्यांच्या पत्नी, आणि एकुलती एक संजीवनी. संजीवनी महाडच्या कॉलेजातून बी.ए. झाली होती. मग तिनं ग्रंथालयाचा अभ्यासक्रम केला आणि जूनमध्ये महाडच्या एका शाळेत ग्रंथपालाच्या जागेसाठी अर्ज टाकला. त्या अर्जाचा मजकूर मला पाठ आहे. पाठवण्यापूर्वी तो तिनं सात वेळा वाचून दाखवला. प्रत्येक वेळी शेवटी “आपली नम्र” म्हणताना तिचा आवाज हलायचा.

अर्ज गेला आणि घरात एक मुदत आली. श्रीधररावांची बहीण डोंबिवलीला असते. तिचा निरोप होता, पोरीला माझ्याकडे पाठवा, कॉम्प्युटरचा क्लास लावते आणि चार स्थळंही दाखवते. श्रीधरराव संजीवनीला म्हणाले, “दसऱ्यापर्यंत बोलावणं आलं तर ठीक. नाहीतर तू आत्याकडे जायचं.” संजीवनी “बरं” म्हणाली. पण मी तिच्या समोर बसत असे. टीव्हीवर सगळे हसायचे तेव्हाही ती खिडकीतून फाटकाकडे बघत असायची. पोस्टमनची वेळ टळून गेली की मग टीव्हीकडे वळायची.

तिला डोंबिवलीची भीती वाटायची. तशी तिला पालीची, कुकरच्या शिट्टीची आणि फोनच्या घंटीचीही भीती वाटायची. त्यामुळे तिच्या कुठल्या भीतीकडे लक्ष द्यायचं हे घरात कुणाला कळत नसे.

त्याच पावसाळ्यात ती मालिका सुरू झाली. ‘हाकेच्या पलीकडे’. दर मंगळवारी रात्री आठला, आणि बुधवारी दुपारी साडेबाराला तोच भाग पुन्हा.

मी ती फक्त ऐकली. केतकी नावाची नवी नवरी, आडगावातलं मोठं घर, परसात विहीर, आणि त्या विहिरीकडून कुणीतरी बाई केतकीला नावानं हाका मारते. केतकीचा दीर डॉक्टर. तो शहाणा, म्हणून तो प्रत्येक भागात एकटाच विहिरीकडे जायचा. सासू सगळं जाणून होती, म्हणून ती काही बोलायची नाही.

आणि इथे माझं दुर्दैव उभं राहिलं.

मंगळवारी आठला गल्लीतल्या सगळ्या घरांत दिवे मालवून हीच मालिका लागायची, अंधारात मजा येते म्हणून. मग संगीत चढायचं. हाक यायची. “केऽतकीऽऽ...” आणि त्या क्षणी आमच्या आईंचा हात आपोआप बटणाकडे जाऊन ट्यूबलाइट लागायची. पूनमच्या घरीही. पुढच्या घरीही. अख्खी गल्ली एकाच वेळी घाबरायची आणि एकाच वेळी दिवे लावायची. मग व्होल्टेज धाडकन खाली यायचं, आणि मी...

टक्!

संजीवनी किंचाळायची. आई “अगं बाई!” म्हणून रामरक्षा सुरू करायच्या. श्रीधरराव वर्तमानपत्राआडून म्हणायचे, “काही नाही, डबा आहे.” पण वर्तमानपत्र उलटं धरलेलं मला दिसायचं.

दर मंगळवारी हेच. भूत आलं की मी टक्. लोकांना वाटायला लागलं की मी टक् केलं की भूत येतं.

खरी मजा दुसऱ्या दिवशी दुपारी. तेव्हा मैफल जमायची. आई, संजीवनी, पूनम, आणि वरच्या वाडीवरून दूध घेऊन येणाऱ्या प्रयागबाई. पूनम संजीवनीच्याच वर्गातली. बोलायला लागली की थांबायची नाही आणि मालिकेबद्दल वहीत टिपणं काढायची. प्रयागबाई पहाटे डोंगर उतरून यायच्या, घरोघर दूध घालायच्या आणि रिकाम्या किटल्या दाराशी ठेवून आमच्या घरात टेकायच्या. भुतांच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा असे, कारण त्यांच्या वाडीत तीन होती.

“ह्यी कसली हडळ गो?” प्रयागबाई म्हणायच्या. “यीरीतून वर आली, आन केस कोरडे?”

“प्रयागमावशी, भुताचे केस ओले होत नाहीत,” पूनम म्हणायची.

“आमच्या वाडीच्या व्हतात.”



“मला तो झोपाळ्याचा प्रसंग सगळ्यात आवडला,” संजीवनी म्हणायची. “झोपाळा आपोआप हलतो आणि सासू नुसती सुपारी कातरत बसते. मान वर करत नाही. मला तिचीच भीती वाटली. भुताची नाही.”

“तिचं बरोबरच आहे,” आई म्हणायच्या. “सासूनं सगळ्या गोष्टींत मान वर करायची नसते.”

जेवायला घरी आलेले श्रीधरराव ताटावरून म्हणायचे, “हे सगळं थोतांड आहे. मुळात त्या विहिरीला कठडा का नाही? ग्रामपंचायत झोपलीय का? नोटीस काढली तर अर्धी मालिका आपोआप संपेल.”

अकराव्या भागानं मात्र घरात दोन तट पडले.

त्या भागात केतकी घरात एकटी असते. दाराबाहेरून हाक येते, एकच, आणि केतकी उठून कडी काढते. तिथेच भाग संपला. मी टक् केलं, आणि संजीवनीनं वाटीतले शेंगदाणे छताला उडवले.

दुसऱ्या दिवशी पूनम वही उघडूनच आत आली. “केतकीनं उघडलं ते बरोबर केलं!”

“काय बरोबर?” आई म्हणाल्या. “दिवेलागणीला, घरात कुणी नाही, सासूला न विचारता कडी काढते? हिला वळण नाही.”

“काकू, तिला तो आवाज आपल्या आईसारखा वाटला. तिनं विचार करून ठरवलं. आत्तापर्यंत सगळे तिला सांगतात, इकडे जाऊ नको, तिकडे बघू नको. पहिल्यांदा तिनं स्वतः काहीतरी केलं.”

“मग डॉक्टरला तरी बोलवायचं!”

“डॉक्टर विहिरीवर गेलाय ना, नेहमीसारखा!”

प्रयागबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. “तिनं येका हाकंला उगाडलं, हितंच तिचं चुकलं. अगो बाय, येका हाकंला ओ द्याची नाय. दोन हाकांना बी नाय. तिसऱ्या हाकंला द्याची. भूत दोनच हाका मारतं. तिसरी मारायची त्याला ताकद नाय.”

पूनमनं वहीत लिहून घेतलं.

“आणि माणसानं दोनच मारल्या तर?” संजीवनीनं विचारलं.

“मानसाला गरज असंल तर मारंल की तिसरी. त्याला कुनी धरलाय?”

“संजूचं काही खरं नाही,” पूनम हसली. “ही तेराव्या हाकेलाही दार उघडणार नाही. कानात बोळे घालून कॉटखाली जाईल.”

संजीवनी हसली खरी, पण तिचे कान लाल झाले.

त्या दिवसापासून गल्लीत तिसऱ्या हाकेचा कायदा लागू झाला. रात्री आणि दुपारीही. भाजीवाली तीन वेळा ओरडेपर्यंत कुणी दार उघडेना. श्रीधररावांना स्वतःच्या घरात शिरायला तीन हाका माराव्या लागत. तिसरी ते मुद्दाम कचेरीतल्या आवाजात मारायचे: “मी श्रीधर! घरमालक!”

प्रयागबाईंनी जाताना माझ्याकडेही बोट दाखवलं. “वयनी, ह्या डब्यात कायतरी हाय. टीव्हीत ती आली का ह्यो वाजतो.” आणि दुसऱ्या दिवशी माझ्या मुठीला लिंबू-मिरची लटकली. मी यंत्र आहे हो! माझ्यावर मेड इन इंडिया लिहिलंय. पण ऐकतो कोण. मिरची वाळून माझ्या काट्यावर टकटक आपटायची, त्यामुळे आवाज आणखी वाढला.

गणपती गेले. दसरा पंधरा दिवसांवर आला. फाटकाशी काहीच आलं नाही. आत्याचं मात्र पत्र आलं, साधं, पंधरा पैशाचं कार्ड: तिकीट काढा, क्लासची जागा धरून ठेवलीय. संजीवनीनं ते दोनदा वाचलं आणि माझ्या डोक्यावरच्या रुमालाखाली सरकवून ठेवलं, जणू दिसलं नाही तर ते आलंच नाही.

मग तो बुधवार उजाडला.

आदल्या रात्री वीज गेल्यामुळे पोलादपुरात कुणीच तो भाग पाहिला नव्हता. त्यामुळे बुधवारी साडेबाराला सगळे दाराला कडी घालून, पडदे ओढून बसले. खिडकीचा पडदा मात्र एका बाजूनं अपुरा होता. तेवढ्या फटीतून मला फाटक दिसत होतं. श्रीधरराव अजून कचेरीतून जेवायला आले नव्हते. संजीवनी नुकतीच न्हाली होती. केस वाळायला मोकळे सोडून, अंगात पांढरा गाऊन, ती पूनमच्या दंडाला धरून बसली होती.

संगीत चढलं. केतकीनं कडी काढली होती, पुढे काय ते आज कळणार होतं.

आणि मला फाटकाशी भिकू दिसला. भिकू म्हणजे पोस्टमन. सायकल तो उताराच्या पायथ्याशी ठेवून चालत वर येतो. हातात लांबट खाकी पाकीट, त्यावर लाल शिक्का. रजिस्टर पत्र. बिचाऱ्याचा घसा पावसानं पार बसला होता. त्यानं “पोस्ट” म्हटलं असावं, ते टीव्हीच्या गोंगाटात विरलं. ऐकू आलं ते फक्त शेवटचं.

“...जीऽवनीऽऽ!”

खोलीतल्या चौघी दगड झाल्या.

“टीव्हीतून आलं का?” आई पुटपुटल्या.

“टीव्हीत केतकी म्हणतात काकू,” पूनम म्हणाली. “हे... हिचं नाव होतं.”

“कुनी बोलू नगा,” प्रयागबाई म्हणाल्या. “येक झाली.”

माझा जीव तुटत होता. तुमच्या मागे बघा! पोस्टमन आहे! सही पाहिजे! पण मला बोलता येतं ते एकच अक्षर, आणि तेही व्होल्टेजनं परवानगी दिली तर.

भिकूनं दुसरी हाक मारली. घसा फाटून, कातर. “संजीवनीऽऽ!” नेमकी तेव्हाच टीव्हीत केतकी जिवाच्या आकांतानं किंचाळली.

आता भिकूचीही गोष्ट ऐका, कारण ती नंतर त्यानंच या खोलीत चहा पिताना सांगितली. तो सुद्धा ही मालिका बघायचा, बाजारातल्या चहाच्या टपरीवर. भर दुपारी बंद दारं, ओढलेले पडदे, हाकेला उत्तर नाही, आणि आतून बाईची किंकाळी! तिसरी हाक मारायची त्याला हिंमत होईना. आपण तिसरी मारली आणि आतून भलत्यानंच ओ दिली तर? त्यानं पाकीट पिशवीत घातलं आणि तो मागे वळला.

मला त्याची पाठ दिसली. पिशवीतून बाहेर आलेलं पाकिटाचं खाकी टोक दिसलं.

आत प्रयागबाई बोटं मोजत होत्या. “दोन झाल्या. आता बगा. तिसरी येनार नाय.”

आली नाही. “बगितलात?” प्रयागबाई विजयानं म्हणाल्या.

आईंचा हात बटणाकडे गेला. भर दुपारी ट्यूबलाइट लागली. गल्लीतही तेच झालं असणार, कारण केतकीची किंकाळी सगळ्यांच्या घरात होती. व्होल्टेज कोसळलं. एकशे नव्वद, एकशे साठ, एकशे तीस. मी टक् केलं, पुन्हा टक् केलं, आणि मग मला सोसवेना. माझा लाल दिवा लागला. मी टीव्हीची वीज तोडली.

ते मी मुद्दाम केलं की माझ्या कमी वेढ्यांनी केलं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. पण खोली एकदम गप्प झाली. संगीत नाही, किंकाळी नाही. आणि त्या शांततेत बाहेरून आवाज आला.

खोकल्याचा. चांगला घरघरता, कफाचा खोकला.

संजीवनीनं मान वर केली. “प्रयागमावशी, भुताला खोकला होतो?”

प्रयागबाई प्रामाणिक बाई. त्यांनी वाडीतली तिन्ही भुतं एकेक आठवून पाहिली. “खोकला... नाय गो. ऐकला नाय कवा.”

संजीवनी उठली.

“बस खाली!” आईंनी तिचा गाऊन धरला. “तिसरी हाक झाली नाही!”

“संजू, वेडी आहेस का?” पूनम म्हणाली. काल-परवापर्यंत केतकीच्या बाजूनं भांडणारी पूनम!

संजीवनीचे हात थरथरत होते. मी समोरच होतो, मला दिसत होतं. “पूनम,” ती म्हणाली, “केतकीनं का उघडलं ते कळलं मला. शूर होती म्हणून नाही गं. तिला वाट बघायचा कंटाळा आला होता. दाराबाहेर जे असेल ते असेल, पण आत बसून तिसऱ्या हाकेची वाट बघायची... ती भीती जास्त वाईट असते. मी तीन महिने तेच करतेय.”

आणि तिनं कडी काढली.

भिकू तोवर फाटकापासून वीसेक पावलं खाली गेला होता. दार उघडल्याचा आवाज ऐकून त्यानं मागे पाहिलं. पायरीवर पांढऱ्या कपड्यातली बाई, केस मोकळे, डोळे मोठे.

भिकू पळाला. चाळीस वर्षांची नोकरी पिशवीत हिंदकळत, उतारावरून.

“भिकूकाका!” संजीवनी मागे धावली. अनवाणी, गाऊन सावरत, केस उडवत. “भिकूकाकाऽ!”

भिकू आणखी जोरात. मागे बघायचं नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं. गल्लीतल्या खिडक्या एकेक उघडल्या आणि एकेक बंद झाल्या.

उताराच्या अर्ध्यावर ती थांबली. धाप लागली होती. मग तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सगळ्या ताकदीनं ओरडली, ज्या आवाजात ती आयुष्यात कधी ओरडली नव्हती: “भिकूकाकाऽऽऽ! ही तिसरी हाक आहेऽऽऽ!”

भिकूचे पाय जागच्या जागी थांबले. तिसरी! तो सावकाश वळला. छातीवर हात ठेवून त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. आधी तिच्या पायांकडे, सरळ आहेत का उलटे. मग पिशवीत हात घातला.

“अगो पोरी,” तो फाटक्या घशानं म्हणाला, “आदी येनी तरी घालायची!”

ते पत्र मुलाखतीचं होतं. मुलाखत दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी सकाळी अकराला. भिकू तसाच गेला असता तर पाकीट पुन्हा गुरुवारी दुपारी आलं असतं, मुलाखत होऊन गेल्यावर.

भिकूला आत बसवून आलं घातलेला चहा दिला. प्रयागबाईंनी त्याच्या घशाला हळद-गूळ सुचवला आणि म्हणाल्या, “माज्या सांगन्यात काय चूक नाय. तिसरी हाक झालीच की. कुनी मारली त्याचं काय?”

गुरुवारी संजीवनी महाडला गेली. संध्याकाळी परत येऊन तिनं सगळं याच खोलीत सांगितलं. मुलाखतीत एका सरांनी विचारलं, “मुलं हल्ली फक्त भुताखेतांच्या गोष्टी मागतात. काय कराल?” ती म्हणाली, “देईन सर. पण परत करताना विचारीन, त्यातल्या माणसानं तसं का केलं ते सांग. मग पुढचं पुस्तक.” सरांनी चष्मा काढून पुसला म्हणे. तेव्हा तिला वाटलं संपलं. नव्हतं संपलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी नेमणुकीचं पत्र आलं. भिकूनं फाटकापासूनच “पोस्ट, पोस्ट, पोस्ट” अशा तिन्ही हाका एका दमात मारल्या.

आत्याला कार्ड गेलं. श्रीधररावांनी ते स्वतः लिहिलं आणि शेवटी कचेरीच्या सवयीनं ‘सबब क्षमस्व’ असं घातलं.

मालिका पुढे वर्षभर चालली आणि वाईट संपली. हाका मारणारी बाई केतकीच्या स्वप्नातली निघाली. पूनमनं रागानं मालिकावाल्यांना चार पानी पत्र पाठवलं. प्रयागबाई म्हणाल्या, “सपनातली व्हती तर माज्या इतक्या किटल्या इनाकारन उशिरा घरी गेल्या का?” पण केतकीनं दार उघडायला हवं होतं की नव्हतं, यावर त्या दोघी अजून भेटल्या की भांडतात. आई मध्ये पडत नाहीत. त्या आता जावयाची सासू व्हायच्या तयारीत आहेत.

माझं सांगायचं तर, दोन हजार सहा साली घरात नवा टीव्ही आला. चपटा, हुशार. त्याला माझी गरज नाही. त्याच्या पोटातच म्हणे सगळं असतं, आणि तो आवाज करत नाही. माझा रुमाल काढून धुतला, घडी घातली, आणि मला माळ्यावर ठेवलं. तिथे पाली आहेत. मी टक् करून बघितलं. पण वीजच नाही, तर टक् कुठून येणार? सुरुवातीला तुम्हाला ऐकवला तो नुसता आठवणीतला.

परवा आईंनी माळा साफ करायला काढला. रविवारी भंगारवाला येणार आहे. पितळी घागर, तुटका पंखा आणि मी, असे तिघे दाराशी रांगेत बसलो आहोत. माझी तार वितळवतील, पत्रा दाबतील. तेव्हा, मंडळी, तुमच्या घरी असा एखादा जुना डबा असेल तर त्याला हसू नका, आणि लिंबू-मिरची तर अजिबात लावू नका. आणि मालिका कुठलीही बघा, पण चारचौघांत बघा. नाहीतर कुणी का दार उघडलं यावर भांडायचं कुणाशी?

आज शनिवारी संजीवनी महाडहून आली. केसांत एक-दोन पांढरे, खांद्याला पिशवी, पिशवीत पुस्तकं. दाराशी तिचा पाय मला लागला आणि ती केवढ्यानं किंचाळली! मग मला ओळखून हसली आणि माझ्यावरची धूळ ओढणीनं पुसली.

तिची भीती गेली असं तुम्हाला वाटलं असेल, तर तसं काही झालं नाही. कुकरला ती अजून दचकते. शाळेत साहेब तपासणीला आले की अजून तिचे हात थरथरतात. पण थरथरत्या हातांनीच कपाट उघडते, पुस्तक काढते, पुढे करते.

मलाही भीती वाटतेय, रविवारची. अकरा-बारा वेढे कमीच आहेत माझे. पण जवळून पाहिलंय मी, कसं करायचं असतं ते. जाईन मीही. घाबरत घाबरत.